‘मी करून देते’ म्हणाले, आणि आता ती गल्लीच टाळते

पत्र थोडक्यात: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून मुंबईत एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करायला आलेली ही पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. आठवड्यातले दोन दिवस फिल्डवर्क, म्हणजे एका संस्थेत प्रत्यक्ष काम. संस्था गोवंडीतल्या एका वस्तीत काम करते. जुलैपासून तिचे १४ दिवस भरले. त्यातले ९ दिवस ऑफिसात बसून सर्व्हेचे जवळपास ३०० फॉर्म एक्सेलमध्ये भरण्यात गेले, ३ दिवस घरोघर फिरण्यात आणि २ दिवस देणगीदारांच्या भेटीत. त्या भेटीसाठी तिला मुलांचे फोटो काढून ‘यशोगाथा’ लिहायला सांगितलं. दुसऱ्याच आठवड्यात परभणीकडच्या एका ताईंनी मुंबईचं रेशन कार्ड काढायचंय म्हणून विचारलं. ‘मी करून देते’ म्हणत हिने कागद घेतले, गावाकडचं मूळ कार्डसुद्धा. रेशनिंग ऑफिसात दोन खेपा झाल्या, काम झालं नाही. कॉलेजच्या मॅडम म्हणतात, अहवालात थिअरी दिसत नाही. घरचे म्हणतात, पगार नाही आणि वर गाडीभाडं. तिचे प्रश्न: ही फुकटची राबवणूक नाही का? संस्था बदलून मागू का? की मी या क्षेत्रासाठी नाहीच?

---

प्रिय मैत्रिणी,

प्रश्न तू शेवटी तीन मांडलेस, पण मला तुझं पत्र मधल्याच एका वाक्यावर अडलेलं दिसतं. ‘आता मी त्या गल्लीतून जात नाही.’ हे तू कंसात लिहिलंयस. संस्थेने काय केलं, कॉलेजने काय म्हटलं यावर दोन पानं, आणि हे कंसात. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

त्या ताईंचं मूळ रेशन कार्ड आज तुझ्या बॅगेत किंवा हॉस्टेलच्या कपाटात आहे. ते या आठवड्यात परत कर. काम झालेलं नसताना, रिकाम्या हाताने. तू इतके दिवस दिसली नाहीस तर त्या तुझ्याविषयी काय समजत असतील, याचा तू बराच विचार केलेला दिसतो. कार्ड नसल्यामुळे त्यांचं काय अडलं असेल, याचा विचार मात्र पत्रात कुठे नाही. गावाहून कुणी कार्ड मागितलं असेल, ई-केवायसीला (आधारवरून ओळख पटवायला) लागलं असेल, मुलाच्या दाखल्याला लागलं असेल. वस्तीतल्या माणसाच्या घरात मोलाचं काय असतं, तर पत्र्याच्या पेटीतली प्लास्टिकची पिशवी, आणि त्या पिशवीतला एक कागद तुझ्याकडे आहे.

तुझ्यासारख्या प्रत्येकीने गाठ मारून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे मूळ कागद ताब्यात घ्यायचे नाहीत. तिथेच बघायचे, झेरॉक्स लागली तर ताईंना सोबत घेऊन काढायची, मूळ त्यांच्या हातात परत द्यायचे. आधारचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायचा नाही. कामापुरता काढावाच लागला तर काम झाल्यावर त्यांच्यासमोर खोडायचा.

जाताना एकटी जाऊ नकोस. संस्थेची जी वस्तीपातळीवरची कार्यकर्ती असेल (बहुतेक ठिकाणी ती त्याच वस्तीत राहणारी असते) तिला बरोबर घे. तू मार्चमध्ये जाणार, ती राहणार. आणि सांगायचं काय? लांबण लावू नकोस. ‘ताई, मी करून देते म्हणाले, तेव्हा मला ते कसं होतं हेच माहीत नव्हतं. दोनदा ऑफिसला जाऊन आले, झालं नाही, आणि तुम्हाला सांगायला यायची लाज वाटली. हे तुमचं कार्ड. आता तुमचं नेमकं काय अडलंय ते मला नीट सांगता का?’ त्या चिडतील कदाचित. चिडू दे. बहुतेक वेळा मात्र माणसं ‘बरं झालं आलीस’ म्हणून बसायला सांगतात, आणि ते चिडण्यापेक्षा जड जातं. तयारी दोन्हीची ठेव.

त्यातला शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण तो तू पहिल्या भेटीत विचारलाच नाहीस. त्या म्हणाल्या ‘कार्ड काढायचंय’ आणि तू कार्ड काढायला निघालीस. कार्ड कशासाठी हवंय? धान्यासाठी? पत्त्याचा पुरावा म्हणून? की सासूच्या कार्डातून नाव बाहेर काढून आपला संसार वेगळा झाला हे कागदावर आणायचंय म्हणून? तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

धान्य हवं असेल तर मुंबईचं नवं कार्ड हा सगळ्यांत लांबचा रस्ता. गावच्या कार्डावर त्यांचं नाव असेल आणि ते कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंब या सरकारी धान्य मिळणाऱ्या गटांतलं असेल, तर ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत गोवंडीतल्या रेशन दुकानातही त्या धान्य उचलू शकतात. त्यासाठी कार्डाचा १२ अंकी क्रमांक आणि आधारशी जोडणी लागते, ई-पॉस मशीनवर अंगठा लागावा लागतो. प्राधान्य गटाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला कुटुंबामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

कागदावर सोपं वाटतं. अडतं कुठे तेही बघ. धुणीभांडी किंवा बांधकामाचं काम करणाऱ्या बाईच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा लागत नाही. मग दुसरं बोट, हात पुसून पुन्हा, नाहीतर घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा. ई-केवायसी झालेली नसेल तर नाव लटकतं. दुकानदार ‘बाहेरच्या कार्डाचा माल येत नाही’ म्हणून परत पाठवतो. तेव्हा हुज्जत घालू नकोस. दुकानाचा क्रमांक आणि तारीख लिहून घे, १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदव आणि तक्रार क्रमांक ताईंना कागदावर लिहून दे.

आणखी एक गुंता आहे, तो कुठल्याच पोर्टलवर दिसत नाही. गावच्या कार्डावर पाच नावं असतील आणि आजवर सासू पाचही जणांचं धान्य उचलत असेल, तर मुंबईत दोघांचं उचललं की गावी दोघांचं कमी होणार. मग संध्याकाळी फोन येणार. ताईंना हे आधीच माहीत असेल, म्हणूनच त्यांना वेगळं कार्ड हवं असेल. म्हणजे तू ज्याला कागदाचं काम समजलीस ते घरातल्या वाटणीचं काम असू शकतं. ते तू सोडवायचं नाहीस. पण ते विचारल्याशिवाय अर्ज भरायचा नाहीस.

वेगळं कार्डच हवं असेल, तर आधी गावच्या तहसील कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. तो नसेल तर मुंबईतला अर्ज पुढे सरकत नाही. तुझ्या दोन खेपा बहुधा इथेच अडल्या असतील. आणि नवं केशरी कार्ड मिळालं म्हणजे धान्य मिळालंच असं नाही, हेही ताईंना आधी सांग. केशरी कार्डाची वार्षिक उत्पन्नमर्यादा १ लाख रुपये, पण धान्यासाठीच्या प्राधान्य गटाची मर्यादा शहरात ५९ हजार. त्यात बसलं तरी इष्टांक (लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या) भरलेला असेल तर थांबावं लागतं. गावच्या कार्डातून नाव कापून घ्यायचं आणि इथे धान्याविना केशरी कार्ड घेऊन बसायचं, अशी फसगत होते. निर्णय ताईंचा. हे सगळं त्यांना कळलेलं असणं एवढं तुझं काम, आणि ते तुला जमण्यासारखं आहे.

अर्ज केलाच तर पोच घ्यायची: अर्ज क्रमांक, तारीख, शिक्का. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि ती उलटली तर अपील करता येतं. पण ‘साहेबांना भेटून आले’ याची पोच नसते. तुझ्या त्या दोन खेपांचा कागदावर काही मागमूस आहे का?

आता हिशेब मांडू. पंधरा आठवड्यांचं सत्र, आठवड्याला दोन दिवस, म्हणजे ३० दिवस. १४ गेले, १६ उरले. गणपती, नवरात्र, दिवाळी आणि सत्र परीक्षा यांत पाच-सहा जातील. हातात उरले १०, फार तर ११. दिवसाचे सात तास धरले तर सत्तर-पंचाहत्तर तास. रेशनिंग ऑफिसची एक खेप अर्धा दिवस खाते. दुसऱ्या सत्रात हीच संस्था राहिली तर आणखी पंचवीसेक दिवस. विद्यार्थी वस्तीत पाऊल ठेवतात तेव्हा त्यांना वर्ष समोर दिसतं. खरं तर असतात पन्नासएक दिवस, तेही तुकड्यातुकड्यांत. म्हणून शब्द देताना शेवटच्या दिवसापासून मागे मोजायचं. जे काम आपल्या जाण्याच्या तारखेच्या पलीकडे जाऊ शकतं, त्याला ‘मी’ म्हणायचं नाही. ‘संस्थेकडे नोंद करू, पुढच्या गुरुवारी काय कळलं ते येऊन सांगते’ एवढंच म्हणायचं, आणि काहीच कळलं नसलं तरी त्या गुरुवारी जायचं.

आता तुझी राबवणुकीची तक्रार.

९ दिवस म्हणजे ६३ तास एक्सेल. हे जास्तच आहे, त्यात तुझं काही चुकत नाही. डेटा भरणं, हजेरीपट जुळवणं, बैठकीच्या खुर्च्या मांडणं हे संस्थेच्या कामाचाच भाग आहे आणि पहिला महिना त्यात गेला तर कुरकुर करू नये. पण चौदापैकी नऊ दिवस वस्तीबाहेर म्हणजे संस्थेला माणूस मिळाला, तुला फिल्ड मिळालं नाही. माझा अंदाज बांधायचा साधा नियम असा: दहा दिवसांत तीनपेक्षा जास्त दिवस संगणकासमोर जात असतील तर बोलायची वेळ झाली. तू बोललीस का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. संस्थेतल्या सरांना कदाचित वाटत असेल की पोरगी नवी आहे, वस्तीत घाबरते, बसू दे ऑफिसात.

आणि ते ३०० फॉर्म. त्यांच्याकडे तू फक्त ओझं म्हणून बघतेस, तिथे मात्र मी तुझ्याशी सहमत नाही. उद्या ती फाईल उघड आणि रेशनचा रकाना बघ. अशा फॉर्मांत प्रश्न बहुधा ‘रेशन कार्ड आहे का? होय/नाही’ एवढाच असतो. त्या परभणीच्या ताईंच्या घरासमोर काय लिहिलंय? ‘होय’ असणार. कार्ड गावचं आहे, इथे त्यावर दाणा उचलला जात नाही, तरी ‘होय’. अशा किती घरांना ‘होय’ लागलं असेल? सगळ्या ‘होय’ची बेरीज होऊन अहवालात वस्ती कागदोपत्री सुखी दिसते. तुला दोन्ही बाजू दिसल्या आहेत, दार आणि रकाना. ऑफिसातल्या किती जणांना त्या एकत्र दिसल्या असतील?

म्हणून संस्था बदलून मागण्याआधी हे करून बघ. एका पानावर तीन गोष्टी लिही. पहिली, १४ दिवसांचा तारीखवार हिशेब, विशेषणं न लावता: ऑफिस ९, गृहभेटी ३, देणगीदार २. दुसरी, उरलेल्या दहा दिवसांसाठी तुझा प्रस्ताव. मी लिहिला असता तर असा: दोन दिवस त्याच वस्तीतल्या २० ‘होय’ घरांना पुन्हा भेटून कार्ड कुठलं, कोणत्या गटातलं, धान्य मिळतं का हे विचारायचं, एक दिवस जवळच्या रेशन दुकानात आणि रेशनिंग ऑफिसात जाऊन नियम समजून घ्यायचे, दोन दिवस गल्लीतल्या बायकांची माहिती बैठक, तीन दिवस निवडक चार-पाच घरांचा पाठपुरावा, दोन दिवस नोंदी आणि डेटा, म्हणजे त्यांचंही काम होतं. तिसरी, तुला कोण मार्गदर्शन करणार आणि कधी: आठवड्यातून एकदा अर्धा तास, ठरलेल्या वारी.

हे पान आधी कॉलेजच्या मॅडमना आयसीमध्ये, म्हणजे तुमच्या दोघींच्या मार्गदर्शन बैठकीत, दाखव आणि तिघांची बैठक मागून घे: तू, मॅडम, संस्थेतले सर. एकटीने सरांशी भांडायला जाऊ नकोस आणि सरांच्या पाठीमागे कॉलेजात रडगाणंही नको. दोन्हीत पहिल्या दहा मिनिटांतच विषय तुझ्या स्वभावावर जातो. बैठकीत बोलायचं वाक्य तयार ठेव: ‘सर, डेटाचं काम मी करते, पण आठवड्यातला किमान एक पूर्ण दिवस मला वस्तीत हवा, आणि त्याचा हा आराखडा.’ ठरलेलं त्याच दिवशी दोघांना ईमेलने पाठव.

बैठक होऊन तीन आठवडे गेले आणि तरी एक्सेलच, तर मग बदल माग. त्याची किंमतही समजून घे. सत्राच्या मधे संस्था बदलली की नव्या जागी ओळख करून घेण्यातच चार-पाच दिवस जातात, भरलेले तास धरले जातील की नाही हे कॉलेजवर असतं, आणि ज्या घरांत तू गेलीस तिथे पुन्हा एक विद्यार्थिनी न सांगता नाहीशी होते. पहिलं सत्र इथेच पूर्ण करून दुसऱ्या सत्रात बदल मागणं बहुतेकांना परवडतं.

काही गोष्टींत मात्र बैठकीची वाट बघायची नसते. खोट्या सह्या किंवा अंगठे मारायला सांगणं, न झालेल्या कार्यक्रमाचा हजेरीपट भरायला लावणं, वस्तीतून पैसे गोळा करायला पाठवणं, झोपड्या पाडण्याची कारवाई चालू असताना एकटीला आत धाडणं. यातलं काही घडलं तर त्याच दिवशी कॉलेजला लेखी कळवायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथे जायचं नाही. कुणी लगट केली, अश्लील बोललं, रात्री-अपरात्री मेसेज केले, तर ‘हे कॉलेजबाहेर घडलं’ असं ऐकून घेऊ नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत इंटर्नशिप आणि क्षेत्रभेटीच्या जागाही धरल्या आहेत, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थीही येते. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार द्यायची, साधारण तीन महिन्यांच्या आत. मेसेज खोडायचे नाहीत.

यशोगाथेचं तू दोन ओळींत उरकलंयस, पण मला ते एक्सेलपेक्षा जास्त खुपलं. तू लिहितेस, ‘सर म्हणाले, मुलगी आधी कचरा वेचायची असं लिही, परिणाम दिसतो.’ ती वेचायची का? वेचत असली तरी ती आज शाळेत जाते, आणि तिचा फोटो, नाव नि ‘कचरा वेचायची’ हे तिन्ही एकत्र छापून आलं की वर्गात तिचं नाव काय पडेल? देवनारचं डम्पिंग ग्राऊंड शेजारी असलेल्या वस्तीत हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. नकार देताना सरांना नीतिपाठ ऐकवायची गरज नाही. पर्याय दे: पाठमोरा फोटो किंवा हातांचा, बदललेलं नाव, शाळेचं आणि गल्लीचं नाव गाळून, आईला तिच्या भाषेत मजकूर वाचून दाखवून लेखी संमती, आणि मुलीला स्वतःला विचारून. ‘हो’ म्हणाली तरी नंतर ‘नको’ म्हणायची मोकळीक तिला सांगून ठेवायची. मुलगी बालकल्याण समितीपुढे आलेली असेल किंवा लैंगिक गुन्ह्यातली पीडित असेल, तर प्रश्नच मिटला. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ आणि पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ यांप्रमाणे तिची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, मग कुणाची कितीही संमती असो.

पॉक्सोचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. तू विचारलं नाहीस, पण घरोघर फिरणाऱ्या विद्यार्थिनीवर हा प्रसंग कधीही येतो. एखादी मुलगी जवळ येऊन म्हणते, ‘दीदी, एक सांगू? कुणाला सांगणार नाही ना?’ इथे ‘नाही सांगणार’ म्हणायचं नाही. ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मदत करू शकणाऱ्या एका माणसाला मला सांगावं लागेल, पण तुला विचारल्याशिवाय गल्लीत कुणाला सांगणार नाही’ हे आधी बोलायचं. मग ऐकायचं. खोदून खोदून विचारायचं नाही, पुन्हा पुन्हा वदवून घ्यायचं नाही. ते ज्यांचं काम आहे ते करतील. बाहेर आल्यावर तिचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि त्याच दिवशी संस्थेतल्या सरांना व मॅडमना सांगायचं. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोलिसांना कळवणं पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, विद्यार्थ्यावरसुद्धा. ‘आधी संस्थेत चर्चा करू’ म्हणत आठवडा घालवता येत नाही. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक पाठ असू दे. १९९६ मध्ये ही सेवा मुंबईतच, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या क्षेत्र-प्रकल्पातून सुरू झाली.

अहवालाचं. ‘आज १२ घरांना भेट दिली, लोकांनी चांगला प्रतिसाद दिला’ असं तू लिहीत असणार. मॅडमना थिअरी दिसत नाही म्हणजे त्यांना पाठ्यपुस्तकातला उतारा हवाय असं समजू नकोस. बारा घरांऐवजी एकच घर लिही. तू काय विचारलंस, समोरून काय आलं, मधे कोण बोललं, तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं, आणि आता तू काय वेगळं विचारशील. ताईंचं रेशन कार्ड प्रकरण असं लिही, चुकीसकट. स्वनिर्णयाचा हक्क, मागणी आणि गरज यांतला फरक, कार्यकर्त्याच्या भूमिकेची मर्यादा, हे सगळं त्या एका प्रसंगात आहे. ज्या दिवसाचं त्याच दिवशी लिही. रविवारी बसून चार दिवसांचं लिहिलं की सगळी घरं सारखी होतात. नावं मात्र घालू नकोस, ‘क-१, क-२’ असं चालेल. अहवाल मॅडमशिवाय आणखी चार जणांच्या हातांतून जातो.

बायकांचा गट जमवून बैठका घ्यायचा विचार असेल तर आठ-दहा जणी, तासाभराच्या सहा बैठका, याच्या पुढे जाऊ नकोस. आणि वेळ ठरवण्याआधी त्या गल्लीत पाणी कधी येतं ते विचार. ‘बायका येतच नाहीत, उदासीनता आहे’ असं कितीतरी अहवालांत लिहिलेलं असतं. ती वेळ पाण्याची असते.

पैशांबद्दल घरच्यांचं म्हणणं खोटं नाही. एमएसडब्ल्यूच्या फिल्डवर्कला मानधन बहुधा नसतंच. ते अभ्यासक्रमाचा भाग म्हणून धरलं जातं. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास राहत्या जागेपासून कॉलेजपर्यंतचा असतो, गोवंडीपर्यंतचा नसतो, हे बहुतेकांना पहिल्या तपासनिसासमोर कळतं. पुढचं तिकीट वेगळं काढ, दंडापेक्षा स्वस्त पडतं. संस्थेच्या कामासाठी दुसरीकडे पाठवलं, म्हणजे वॉर्ड ऑफिसात किंवा दुसऱ्या वस्तीत, तर तो प्रवासखर्च मागायला संकोच करू नकोस. तारीख, कुठून कुठे, किती, असा कागद महिन्याच्या शेवटी द्यायचा. बऱ्याच संस्था देतात, फक्त मागणारं कुणी नसतं. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरलास ना? हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना निर्वाह भत्त्याचा दर वेगळा असतो. हॉस्टेलचा दाखला जोडायचा राहिला तर तो मिळत नाही.

‘मी या क्षेत्रासाठी नाहीच का’ याचं उत्तर १४ दिवसांवरून देता येत नाही. त्यातले ९ तर तू क्षेत्रात नव्हतीसच. मार्चमध्ये विचार.

मार्चचं नाव निघालं म्हणून सांगते, निघायची तयारी फेब्रुवारीतच करायची असते. शेवटच्या दिवशी केक कापून, फोटो काढून निघून जायचं नाही. तीन आठवडे आधी प्रत्येक घरी सांगायचं की अमुक तारखेनंतर मी येणार नाही. जिथे काम अर्धवट आहे तिथे वस्तीतल्या कार्यकर्तीला घेऊन एकदा एकत्र जायचं, आणि प्रत्येक घराचं अर्ध्या पानाचं टिपण संस्थेकडे द्यायचं: काय मागणी होती, काय झालं, पोच क्रमांक, पुढची तारीख, आता कोण बघणार. पहिलं टिपण त्या परभणीच्या ताईंचं लिही, आत्ताच. ‘आता कोण बघणार’ या ओळीत कार्यकर्तीचं नाव येईपर्यंत ते पूर्ण झालं असं धरू नकोस.

आणि या गुरुवारी ताईंकडे जाशील तेव्हा दुपारची जेवणं आवरल्यावर जा. कार्ड पिशवीत घालून ने, पावसाळा अजून गेलेला नाही.